गाडीतलं विसण

डिसेंबरात सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते. एकमुखी दत्ताचं दर्शन आणि घोड्यांचा बाजार, दोन्हींसाठी लांबलांबून माणसं येतात. त्या दिवसांत तापीकाठची पहाट हाडं गोठवणारी असते. आम्ही धुळ्याहून दादाच्या कॅम्परमधून गेलो होतो. एक जुनी सतरा सीटर गाडी घेऊन दादाने वर्षभर खपून तिचं फिरतं घर केलंय. आत झोपायची बाकं, छोटा ओटा, पाण्याची टाकी, पंप आणि मागच्या कोपऱ्यात न्हाणी. पाणी तापवायला गॅसवरचा २३ लिटरचा हीटर. पहाटे साडेपाचला आई आंघोळीला गेली आणि आतूनच म्हणाली, "पानी कोमट शे रे भाऊ."

दादा आधी सिलिंडरकडे धावला. बर्नर व्यवस्थित पेटलेला, ज्योत निळी. मग त्याने थर्मोस्टॅटवर संशय घेतला. पण हीटरच्या अगदी तोंडाशी, गरम पाण्याच्या नळीला बोट लावलं तर चटका बसला. म्हणजे हीटर आपलं काम चोख करत होता. तरीही शॉवरखाली धरलेल्या थर्मामीटरवर जेमतेम ३१ अंश सेल्सियस.

३१ अंश म्हणजे उन्हाळ्यात छान वाटणारं पाणी. पण आपल्या त्वचेचं तापमान असतं साधारण ३३ अंश. त्याहून थंड पाणी अंगावर पडलं की ते अंगातली उष्णता ओढून घेतं, आणि पहाटेच्या गारठ्यात ते लगेच कळतं. आंघोळीचं पाणी सुखाचं वाटतं ते ३८ ते ४१ अंशांच्या आसपास.

अशा वेळी मी आधी पाण्याचं वागणं बघतो. पाणी गारच येत असेल तर हीटर पेटलेला नाही. सुरुवातीला कढत आणि मग एकदम गार येत असेल तर टाकीतलं गरम पाणी संपलं. पण नळ उघडल्यापासून बंद करेपर्यंत पाणी एकसारखं कोमट येत असेल, आणि हीटरची टाकी तर कढत असेल, तर एकच गोष्ट उरते. वाटेत कुठेतरी त्यात गार पाणी मिसळतंय. मराठीत या गार पाण्याला नेमका शब्द आहे, विसण. कढत पाणी अंगावर घेण्याजोगं करण्यासाठी त्यात घालतात ते. आमच्या गाडीत कुणी न सांगता विसण घातलं जात होतं.

किती, तेही काढता येतं. हीटरमधलं पाणी ६० अंश, गाडीच्या टाकीतलं गार पाणी १४ अंश. गरम पाणी जेवढी उष्णता सोडतं तेवढीच गार पाणी घेतं. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक यांनी अठराव्या शतकात अशीच मिश्रणं करकरून उष्णता आणि तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे दाखवलं होतं. दोन्ही बाजूंना पाणीच असल्यामुळे आपला हिशेब सोपा होतो. १४ पासून ६० पर्यंतची चढण ४६ अंशांची, आणि आपण त्यातले १७ च चढून ३१ वर थांबलो. १७ भागिले ४६ म्हणजे ३७ टक्के. शॉवरमधून पडणाऱ्या दर दहा लिटरांत पावणेचार लिटरही गरम पाणी नव्हतं. बाकी सगळं विसण.

हीटरचं गणित समजायला घरातला बंब आठवावा. लहानपणी आमचा तांब्याचा बंब कपाशीच्या पऱ्हाट्यांवर तापायचा. वरच्या नरसाळ्यात गार पाण्याची कळशी ओतली की ते पाणी आतल्या नळीने तळाशी जायचं आणि वरचं ऊन, म्हणजे गरम, पाणी तोटीतून बाहेर पडायचं. १४ अंशांच्या पाण्यापेक्षा ६० अंशांचं पाणी लिटरमागे सुमारे १६ ग्रॅम हलकं असतं. एवढाच फरक, पण तेवढ्यावर ऊन पाणी वर तरंगून राहतं आणि दोन थर सहजी एकमेकांत मिसळत नाहीत. (ऊन हा शब्द आता बोलण्यातून जातोय, याचं मला वाईट वाटतं. चोपडा तालुक्यात अडावदजवळच्या उनपदेवच्या गरम झऱ्यावर गेलं की तो पुन्हा भेटतो.) कॅम्परचा हीटर म्हणजे आडवा पाडलेला बंबच. खालून गार पाणी शिरतं आणि वरून गरम निघतं, फक्त कळशीच्या जागी पंप ढकलतो. त्यामुळे टाकीच्या आत पाणी मिसळून कोमट होण्याची शक्यता कमी. मिसळतं ते बाहेर, नळ्यांमध्ये.

हे तपासायला काही उघडावं लागत नाही. हीटरकडे जाणाऱ्या गार पाण्याच्या नळीवर एक कॉक असतो. तो बंद करायचा, पंप चालू ठेवायचा आणि गरम पाण्याचा नळ सोडायचा. हीटरला गार पाणी मिळत नाही, म्हणजे गरम नळही थांबला पाहिजे. पहिले काही क्षण धार येईल. टाकीच्या माथ्यावर अडकलेली हवा पाण्याला ढकलते, म्हणून ती येते आणि ती मोजायची नाही. त्यानंतरही नळ वाहत राहिला तर ते पाणी हीटरमधून आलेलंच नाही. आमचा नळ जोरात वाहत राहिला.

मग गळतीचं तोंड शोधायचं. गाडीच्या बाहेरच्या अंगाला एक झाकण आहे, त्यामागे गरम आणि गार असे दोन नळ आणि लवचिक नळीवरचा हँड शॉवर. आदल्या संध्याकाळी पुतण्याने घोड्यांच्या बाजारातून आल्यावर तिथे पाय धुतले होते. जाताना त्याने शॉवरच्या तोंडावरचं बटण दाबून पाणी थांबवलं, पण मागचे दोन्ही नळ उघडेच राहिले. बाहेर थेंबही पडत नव्हता, म्हणून कुणाला कळलं नाही. आत मात्र गार आणि गरम नळ्यांना जोडणारा पूल तयार झाला होता. दोन्ही नळ्यांना एकाच पंपाचा दाब. त्यातल्या गरम वाटेवर हीटर आहे, वळणं आहेत आणि उलटं पाणी रोखणारा एनआरव्ही आहे. न्हाणीतला गरम नळ उघडला की तिथला दाब उतरतो, आणि ती जागा भरायला सोप्या वाटेने, पुलावरून, गार पाणी धावत येतं.

ते दोन नळ बंद केले आणि धार बारीक झाली. थांबली मात्र नाही. हीटरचा कॉक पुन्हा उघडून मोजलं तर ४७ अंश. दादा खूश झाला, पण हिशेब सुटत नव्हता. ४७ म्हणजे अजूनही २८ टक्के गार पाणी येतच होतं.

दुसरं तोंड हीटरच्या पाठीमागे निघालं. असे हीटर मुळात अमेरिका-कॅनडातल्या कॅम्परसाठी घडले. तिथे हिवाळ्यात गाडी उभी करून ठेवताना नळ्यांत पाणी गोठून त्या फुटू नयेत म्हणून गुलाबी रंगाचं, न गोठणारं द्रव भरतात. ते २३ लिटरच्या टाकीत वाया जाऊ नये म्हणून गार नळीतून थेट गरम नळीत नेणारी एक आडवाट ठेवलेली असते, तिला बायपास म्हणतात. तीन कॉक असतात. वापरात हीटरचे दोन उघडे आणि मधला, बायपासचा, पूर्ण बंद हवा. खानदेशात नळीतलं पाणी गोठत नाही, उन्हाळ्यात उलट गार नळातूनच कढत पाणी येतं. पण हीटरबरोबर संच आला आणि फिटरने तो जसाच्या तसा बसवला. कॉकची दांडी नळीच्या रेषेत असेल तर तो उघडा आणि काटकोनात आडवी असेल तर बंद. आमच्या मधल्या कॉकची दांडी काटकोनाच्या जराशी अलीकडे, तिरपी उभी होती. पूर्ण आडवी केली आणि पुन्हा तीच परीक्षा घेतली. या वेळी गरम नळ दोन-तीन सेकंद वाहून थांबला. हीटरचा कॉक सोडल्यावर थर्मामीटर ५७ वर गेला.

घरी सोलर किंवा गीझर असणाऱ्यांनाही हे लागू पडतं. गरम-गार एकत्र करणाऱ्या मिक्सर नळाचे दोन्ही कान उघडे ठेवून फक्त हँड शॉवरचं तोंड बंद केलं, किंवा मिक्सरच्या आतलं वायसर झिजलं, तर स्वयंपाकघरातलं गरम पाणीसुद्धा कोमट होतं. अशा वेळी गीझर बदलण्याआधी ही परीक्षा घ्यावी, असं मी आग्रहाने सांगेन. टाकी नसलेल्या गॅस गीझरची गोष्ट वेगळी. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचं तर सुमारे साडेदहा किलोवॉट ताकद लागते. कडाक्याच्या थंडीत लहान सिलिंडर आणखी गारठतो, कारण आतला द्रव गॅस वायू होताना सिलिंडरचीच उष्णता खातो आणि दाब उतरतो. तिथे मात्र दोष ज्योतीत असू शकतो. आणि गॅसवर चालणारं कुठलंही यंत्र बंद न्हाणीत बसवू नका. त्याचा धूर बाहेर जाण्याची सोय नसेल तर कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतो.

५७ अंशांचं पाणी थेट अंगावर घ्यायचं नसतं. ६० अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत त्वचा खोलवर भाजतं. १४ अंशांचं विसण घालून ते ४० वर आणलं की २३ लिटरच्या टाकीतून साधारण ४० लिटर, म्हणजे मोठ्या दोन बादल्या आंघोळीचं पाणी मिळतं. टाकी पुन्हा तापायला आमच्या साडेतीन किलोवॉटच्या बर्नरला अर्धा तास आणि सव्वाशे ग्रॅमच्या आसपास गॅस लागतो. त्या अर्ध्या तासात आईने दुसऱ्यांदा आंघोळीची तयारी केली आणि दादाने बायपासची दांडी काढून खिशात टाकली. बाहेरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पुतण्याने स्वतःच खडूने लिहिलं, "दोन्ही नळ बंद."