टीपांविना आलेलं मराठी बायबल: पार्श्वभूमी

पुण्यात कॅम्पातल्या ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानात नुसतं "बायबल द्या" म्हणून भागत नाही. मोठ्या अक्षरांचं, चेनचं, लाल अक्षरांचं, इंग्रजी-मराठी शेजारी-शेजारी छापलेलं, टीपांचं, कॅथलिक. दुकानदार विचारत राहतो. हे सगळे प्रकार 'आवृत्ती' या एका शब्दाखाली येतात आणि घोटाळा तिथेच होतो. चेन आणि लाल अक्षरं ही बांधणी-छपाईची बाब. येशूचे उद्गार लाल शाईत छापलेला नवा करार प्रथम १८९९ मध्ये अमेरिकेत निघाला. दिसायला छान, पण त्यातून अर्थ उलगडत नाही. भाषांतर ही वेगळी गोष्ट, आणि पानाच्या कडेला किंवा तळाशी मिळणारी मदत ही तिसरी. आपण कसं शिकतो याचा संबंध येतो तो या शेवटच्या दोहोंशी.

मराठीत ही तिसरी गोष्ट फार काळ जवळजवळ नव्हतीच. त्याचं मूळ लंडनमध्ये आहे. १८०४ मध्ये तिथे बायबल छापून स्वस्तात वाटण्यासाठी संस्था निघाली, तेव्हाच नियम ठरला: मजकूर छापायचा तो टीप वा भाष्य न जोडता. वेगवेगळ्या पंथांचे लोक एका टेबलाशी बसायचे तर दुसरा मार्ग नव्हता. एकाची टीप ती दुसऱ्याची कुरापत. त्याआधीचा अनुभवही ताजा असावा तसा लोकांच्या लक्षात होता. १५६० च्या जिनिव्हा आवृत्तीच्या समासात इतक्या टीपा होत्या, आणि त्यांतल्या काही राजसत्तेला इतक्या झोंबणाऱ्या होत्या, की १६११ चं राजमान्य इंग्रजी भाषांतर करताना हिब्रू-ग्रीक शब्दांच्या खुलाशापलीकडे समासात काही लिहू नये, असं बजावलं गेलं.

मराठी बायबल जन्मलं ते याच वातावरणात. गोव्यात १६१६ साली छापलेलं अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचं ख्रिस्ती पुराण त्याआधीचं. पण ती गाऊन ऐकवायची कथा होती, भाषांतर नव्हे. गद्य भाषांतर बंगालमधल्या श्रीरामपूरला झालं. मत्तयाचं शुभवर्तमान १८०५ मध्ये आणि अख्खा नवा करार १८११ मध्ये. तिथली मराठी मुंबई-पुण्याच्या कानाला परकी वाटली. मग मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी आपला नवा करार १८२६ मध्ये काढला, आणि पुढे सुधारणा होत राहिल्या.

टीप द्यायची नाही म्हटल्यावर समजावण्याचा सगळा भार शब्दांवर पडतो. 'तारण' म्हणायचं की 'मोक्ष'? 'शुभवर्तमान' की 'सुवार्ता'? इंग्रजी वाचकाला अवघड शब्दाखाली दोन ओळींचा खुलासा मिळायचा. मराठी वाचकाला फक्त तो शब्द. म्हणून मराठीत आवृत्त्यांचा वाद हा खरं तर शब्दांचा वाद आहे, आणि तो सर्वांत धारदार झाला पुण्यापासून पन्नासेक किलोमीटरवर, केडगावला.

तिथलं भाषांतर करणाऱ्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांना कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ मध्ये 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या होत्या. भागवत त्यांनी लहानपणी तोंडपाठ केलेलं, तेही आईकडून ऐकून. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी काढलेली त्यांची शाळा दुसऱ्याच वर्षी पुण्यात आली आणि दुष्काळ-प्लेगच्या वर्षांत केडगावला गेली. दुष्काळी मुलुखातून आणलेल्या मुली तिथे होत्या, ज्यांनी पाटी कधी हातात धरली नव्हती. या मुलींना प्रचलित बायबल समजेना. भाषा संस्कृतप्रचुर, पंडितांच्या मदतीने घडलेली. संस्कृत ज्यांच्या जिभेवर खेळत होतं, त्याच बाईंनी संस्कृत गाळायला घेतलं. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल मुळातून खेड्यातल्या बायकांच्या मराठीत आणायचं ठरवलं. खिळे जुळवणं, छपाई, बांधणी हे काम आश्रमातल्या बायकांनीच केलं. बाई १९२२ च्या एप्रिलमध्ये वारल्या, पूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला.

सोपेपणा हे एक कारण झालं. दुसरं कारण जास्त वादाचं: हिंदू दर्शनांचा अर्थ चिकटलेले शब्द त्यांना नको होते. असा शब्द वाचणाऱ्याला आपल्या जुन्या अर्थाकडेच परत नेतो, असं त्यांचं म्हणणं. नेमक्या याच काळात अहमदनगरचे ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक उलट्या वाटेने चालले होते. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी आलो असं ते म्हणत, आणि अभंग-कीर्तनातून ख्रिस्त सांगत. मंडळींना गाणी त्यांची रुचली, ती आजही गायली जातात. केडगावचं बायबल मात्र उपासनेत रूढ झालं नाही. मुळाशी फार इमान राखल्यामुळे त्याची वाक्यं जागोजागी अडखळतात, ही तक्रार खोटी नाही. तरीही वाचणारी कोण आहे हे आधी ठरवून मग शब्द निवडायचा, हा हिशेब इतक्या स्पष्टपणे मराठीत त्यांच्याआधी कुणी मांडलेला दिसत नाही. चर्चमध्ये त्यांच्या धर्मांतराची आणि आश्रमाची चर्चा शंभरदा होते, या निवडीची क्वचितच.

नंतरचं लवकर घडलं. १९६६ मध्ये बोली इंग्रजीतला, रेखाचित्रांसकट नवा करार आला आणि 'शब्दाला शब्द की अर्थाला अर्थ' हा प्रश्न भाषांतर करणाऱ्यांच्या खोलीतून वाचकांच्या घरात पोचला. कॅथलिकांकडे १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषांतली भाषांतरं करायला सांगितली, तीही पुरेशा टीपांसह; त्यांच्या कायद्यातही ती अट आहे. १९६८ मध्ये कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोघांनी मिळून भाषांतर करण्याची तत्त्वं ठरली आणि खुलाशाच्या टीपांना प्रॉटेस्टंट छापखान्यांतही वाट मिळाली. बायबलातली पुस्तकं मात्र अजून वेगळीच, प्रॉटेस्टंटांची ६६ आणि कॅथलिकांची ७३, त्यामुळे दुकानातला 'कॅथलिक की दुसरं?' हा प्रश्न काही टळत नाही. वसईचे धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केलेल्या सुबोध भाषांतराला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, आणि चर्चची पायरी न चढलेल्या पुणेकरांच्या कपाटातही बायबल जाऊन बसलं.

पुण्यातल्या सेमिनऱ्यांनी, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयांनी, आणखी एक वळण दिलं. एक १९५५ च्या सुमारास आली, दुसरी यवतमाळहून १९८३ मध्ये बिबवेवाडीला. तिथला विद्यार्थी इंग्रजी अभ्यास-बायबलच्या टीपांवर परीक्षा देतो आणि रविवारी मराठीत उपदेश करतो. टीपेतला अर्थ त्याला व्यासपीठावर उभ्या-उभ्या मराठीत घडवावा लागतो. म्हणून त्याच्या पिशवीत दोन बायबलं असतात, किंवा ते शेजारी-शेजारी छापलेलं एक.

आता फोनवर मुक्त परवान्याचं मराठी भाषांतर फुकट मिळतं, आणि वाचून दाखवलेलं बायबलही. आठवड्याच्या सभेला येणाऱ्या, वाचायला चष्मा लागणाऱ्या बाया ते भाकऱ्या थापताना लावून ठेवतात आणि सभेत वचन तोंडपाठ म्हणतात. अध्याय-ओवीचा क्रमांक विचारला तर अडतात. तो शेजारची कॉलेजातली मुलगी शोधून देते.