भर उन्हाळ्यात भिंतीला बुरा

मे महिन्यात आईनं लग्नात नेसायला म्हणून कपाटातनं इरकल काढली आणि घडी उलगडली तर काठावर मोहरीएवढे काळे-हिरवे ठिपके. आता पावसाळ्यात बुरा येतो हे आमच्या बेळगावात कुणाला नवीन नाही, जुलैत खानापूर-जांबोटीकडं तर चपला, पट्टे, पोळपाट सगळ्यावर येतो, पण बाहेर कडक ऊन असताना? कपाट पुढं ओढलं तेव्हा कळलं, एसीच्या खाली हातभर रुंद भिंत काळी पडलेली, बोट लावलं तर पुट्टी भिजल्या पिठासारखी हाताला आली.

बुरशीची बीजं हवेत कायम असतात, आपल्या घरात पण आत्ता आहेत. खायला प्लायवूड, पुठ्ठा, सुती कापड, भिंतीवरची धूळ काहीही चालतं तिला, अडतं फक्त पाण्यावाचून. भिजलेली जागा २४ ते ४८ तासांत वाळली नाही की ती रुजायला लागते.

आणि हे पाणी येतं खोलीतल्याच हवेतनं. ३० डिग्रीची हवा एका घनमीटरला जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास वाफ धरते, १० डिग्रीला जेमतेम ९-१० ग्रॅम, म्हणून एसीच्या गार कॉइलवर हवा आपटली की उरलेल्या वाफेचं पाणी होतं, फ्रिजमधनं काढलेल्या तांब्यावर येतं तसंच. दमट दिवसात दीड टनाचा एसी तासाला लिटरभर पाणी सहज काढतो. ते ट्रेमधनं ड्रेन पाइपनं बाहेर जायला पाहिजे. आमचा पाइप मेकॅनिकनं ओढून काढला तर आतनं शेंबडासारखा राखाडी गोळा निघाला, धूळ आणि जंतूंचा थर साचून साचून झालेला. शिवाय तुळशीला पाणी होतंय म्हणून आम्ही पाइपचं टोक बादलीत सोडलेलं, बादली भरली की टोक बुडायचं, पाइपात हवा अडकायची आणि पाणी मागं फिरून भिंतीत. फिल्टर तुंबला किंवा गॅस कमी झाला तरी कॉइलवर बर्फ धरतो आणि एसी बंद केल्यावर तो वितळून असाच सांडतो.

लोक पहिल्यांदा रंगवाल्याला बोलवतात, ते नका करू. आधी गळती बंद करा. डाग दहा चौरस फुटांच्या आत असेल तर घरी साफ करता येतो, पण कोरड्या ब्रशनं अजिबात खरवडू नका, बीजं खोलीभर उडतात. एन-९५ मास्क, हातमोजे घालायचे, खिडकी उघडायची, साबणाच्या पाण्यानं ओलं करून पुसायचं, फुगलेली पुट्टी ओली असतानाच काढायची. दम्याचा पेशंट आणि लहान मुलं त्या वेळी खोलीत नकोत. ब्लीचनं डाग पांढरा दिसतो पण गिलाव्यात खोलवर ते पोचत नाही, आणि मेलेल्या बुरशीनं सुद्धा ॲलर्जी होते, त्यामुळं ती पुसून काढावीच लागते. ब्लीच आणि संडास धुवायचं ॲसिड मात्र चुकूनही एकत्र करू नका, क्लोरीन वायू होतो, बंद खोलीत जिवावर बेतेल. फुगलेलं प्लाय आणि भिजलेलं पीओपी वाचत नाही, टाकूनच द्या. ब्लोअरच्या पात्यांवर काळं दिसत असेल तर सर्व्हिसिंग होईस्तोवर एसी लावू नका, नाहीतर तेच सगळं अंगावर येतं.

भिंत वरनं कोरडी दिसते पण गिलावा आतनं वाळायला कित्येक आठवडे घेतो. बघायचं असेल तर वीतभर प्लास्टिक चारी बाजूंनी टेपनं चिकटवून एक दिवस ठेवा, भिंतीकडच्या बाजूला दव आलं तर ओल अजून आत आहे. आणि पाऊस सुरू झाला की खिडकी उघडून उपयोग नाही, बाहेरचीच हवा ओली, त्यापेक्षा दुरुस्त केलेला एसी ड्राय मोडवर लावून खोलीतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवा.

आमच्या भिंतीवर परवा तिसऱ्यांदा प्लास्टिक लावलं. अजून दव येतंय, म्हणून रंगाचा डबा जिन्याखाली तसाच ठेवलाय आणि कपाट खोलीच्या मधोमध आहे.