घरातील विनापरवाना फेरफार

मंजूर नकाशानुसार बांधलेल्या घराच्या रचनेत, क्षेत्रफळात किंवा वापरात सक्षम प्राधिकरणाची परवानगी न घेता केलेल्या बदलांना विनापरवाना फेरफार म्हणतात. भिंत पाडून दोन खोल्या एक करणे, बाल्कनी बंदिस्त करून खोलीत घेणे, गच्चीवर खोली चढवणे, पोटमाळा घालणे, न्हाणीघराची जागा बदलणे, राहत्या घरात दुकान थाटणे ही त्याची नेहमीची रूपे होत. रंगकाम व किरकोळ दुरुस्तीला सहसा परवानगी लागत नाही. जेथे ती लागते तेथे बहुधा दोन बाजूंनी लागते: नगररचनेचे नियम इमारतीचा आकार, सामासिक अंतरे (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा) आणि वापर पाहतात, तर बांधकामाचे नियम मजबुती, अग्निसुरक्षा आणि सांडपाण्याची व्यवस्था तपासतात. एक परवानगी मिळाली म्हणून दुसरी मिळाली असे होत नाही आणि शेजाऱ्यांची संमती या दोहोंची जागा घेऊ शकत नाही.

परवानगीला लागणारा वेळ व खर्च हे अशा फेरफारांचे खरे कारण असते. त्याच्या जोडीला ‘घर माझे, भिंत माझी’ हा समजही असतो. बहुमजली इमारतीत मात्र भिंत एकट्याची नसते. भारवाही विटांच्या बांधकामात वरच्या मजल्यांचे वजन भिंतींतूनच पायापर्यंत उतरते. खांब-तुळयांच्या सांगाड्यात आतली भिंत बहुधा हा भार वाहत नाही, परंतु प्लास्टर झाल्यावर कोणती भिंत कोणत्या प्रकारची, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. वजन वाढवणेही तितकेच घातक ठरू शकते. राहत्या घराच्या मजल्यावर माणसे व सामान मिळून दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरण्याची पद्धत आहे. जुन्या फरशीवर ५० मिलिमीटर जाडीचा कोबा घातला, तर या भारापैकी जवळपास निम्मा कोब्यातच खर्ची पडतो. अर्ध्या विटेच्या जाडीची, ३ मीटर उंच, दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेली नवी भिंत दर धावत्या मीटरला पाऊण टनाच्या आसपास भरते. बाल्कनीचे प्रकरण अधिक नाजूक आहे. बाहेर झेपावलेल्या स्लॅबमध्ये मुख्य सळ्या वरच्या अंगाला असतात, त्यामुळे भिंतीलगत नळासाठी घेतलेली खाच नेमकी त्याच सळ्यांपर्यंत पोहोचते आणि पुढे तेथे पाणी मुरून गंज चढतो.

बंदिस्त केलेल्या बाल्कनीमुळे आगीत सुटकेचा मार्ग बुजतो आणि हलवलेले न्हाणीघर खालच्या घरात गळू लागते, हे धोकेही आहेतच.

घाटकोपर (मुंबई) येथे २५ जुलै २०१७ रोजी एक चार मजली निवासी इमारत कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. तळमजल्यावर चाललेल्या फेरफारांत खांबांना धक्का लावल्याचा आरोप रहिवाशांनी केला होता. इस्तंबूलच्या कार्ताल भागात ६ फेब्रुवारी २०१९ रोजी कोसळलेल्या आठ मजली इमारतीचे वरचे तीन मजले बेकायदा चढवलेले होते. त्या दुर्घटनेत २१ जण मरण पावले. फेरफार एक जण करतो आणि जीव भलत्यांचेच जातात, ही या विषयातील सर्वांत क्लेशदायक बाब आहे.

काळ लोटल्यावर असे काम माफ व्हावे का, याबाबत देशोदेशी भूमिका भिन्न आहेत. इंग्लंडमध्ये नगररचना नियमांचा भंग करून केलेल्या बांधकामावर कारवाईची मुदत ४ वर्षे होती, ती २५ एप्रिल २०२४ पासून १० वर्षे झाली. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात, केवळ दीर्घकाळ उलटला म्हणून अनधिकृत बांधकाम वैध ठरत नाही, असे स्पष्ट केले. तुर्कस्तानने २०१८ मध्ये मालकाची घोषणा आणि शुल्क एवढ्यावर विनापरवाना इमारती नोंदवून घेतल्या व भूकंपात टिकण्याची जबाबदारी मालकावर सोपवली. अशी सरसकट माफी समर्थनीय नाही, कारण तीत इमारत प्रत्यक्ष तपासलीच जात नाही.

बहुतेक फेरफार घर विकायला काढल्यावर उघडकीस येतात: मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष घर जुळत नाही, कर्ज अडते, विम्याचा दावाही फेटाळला जाऊ शकतो. नियमात बसू शकणाऱ्या कामासाठी दंड भरून नियमितीकरणाचा अर्ज करता येतो. त्यासाठी संरचना अभियंत्याकडून पाहणी करून घ्यावी लागते. तो गरजेप्रमाणे प्लास्टर किंवा छताचे आवरण उघडून सळ्या आणि तुळयांचे टेकू तपासतो, भारवाही भिंत काढलेली असल्यास तेथे पोलादी तुळई बसवायला सांगतो आणि त्यानंतर सुधारित नकाशा दाखल होतो. नियमात न बसणारे काम मालकाला स्वखर्चाने पाडावे लागते.