नागपूरचा अधिवेशन मोर्चा

महाराष्ट्र विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात सुरू असताना मागण्या घेऊन विधानभवनाच्या दिशेने पायी निघणारा लोकांचा जथा म्हणजे अधिवेशन मोर्चा. मोर्चे मुंबईत आणि पुण्यातही निघतात. नागपुरात मात्र ते अधिवेशनाच्या कामकाजाचाच भाग समजले जातात. पोलिसांचा बंदोबस्त, मंत्र्यांच्या भेटीच्या वेळा, वर्तमानपत्रांची पाने आणि सीताबर्डीतली वाहतूक हे सगळे त्या दिवसांत मोर्चांच्या हिशेबाने चालते. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, विनाअनुदानित शाळांतले शिक्षक, कापूस आणि सोयाबीन पिकवणारे शेतकरी, धनगर, हलबा व गोवारी समाज, जुन्या निवृत्तिवेतनासाठी झगडणारे कर्मचारी असे कितीतरी गट वर्षानुवर्षे याच रस्त्यांवरून चालत आले आहेत.

या प्रथेचे मूळ २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात आहे. संयुक्त महाराष्ट्रात यायचे की नाही, याबद्दल विदर्भात तेव्हा तीव्र मतभेद होते. मध्य प्रांत व वऱ्हाडची आणि पुढे जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. ते पद सोडून मुंबईच्या कारभाराखाली जायचे, तर आपले ऐकणार कोण, ही इथल्या लोकांची खरी भीती होती. पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाडा इथल्या नेत्यांनी केलेल्या या करारावर यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रा. कृ. पाटील, गोपाळराव खेडकर आदींच्या सह्या आहेत. दरवर्षी ठरावीक काळासाठी सरकारने अधिकृतपणे नागपूरला मुक्काम हलवावा आणि विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन तिथे भरवावे, असे त्यात ठरले. राज्यांच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. ती स्वीकारली गेली नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला. त्याच वर्षी नागपुरात पहिले अधिवेशन भरले.

करारातल्या या कलमाकडे राजधानी गमावलेल्या शहराची समजूत काढणारे कलम म्हणून पाहिले जाते. ते तेवढेच नाही. सरकार वर्षातून एकदा लोकांच्या दारी येईल, असे त्यात कबूल केलेले आहे, आणि लोकांनी ते शब्दशः घेतले. अधिवेशन मोर्चा त्यातूनच उभा राहिला. म्हणून इथल्या मोर्चेकऱ्याच्या बोलण्यात याचनेचा सूर क्वचितच सापडतो. सरकार आपल्या गावी आले आहे, तर त्याने बाहेर येऊन ऐकावे, अशी त्याची सरळ अपेक्षा असते.

ज्या सिव्हिल लाइन्समध्ये विधानभवन आहे, तिथे मिरवणूक नेण्याचा हक्क नागपूरकरांनी त्याआधीच झगडून मिळवला होता. १९२३ मध्ये इंग्रज सरकारने चरख्याचा झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये शिरायला मनाई केली, तेव्हा १ मेपासून झेंडा सत्याग्रह सुरू झाला. जमनालाल बजाज पकडले गेले. देशभरातून सत्याग्रही येत राहिले आणि तुरुंगात जात राहिले. पुढे वल्लभभाई पटेलांनी सूत्रे घेतली आणि १८ ऑगस्टला मिरवणूक त्या वस्तीतून झेंडा घेऊन पार झाली.

आजचा मोर्चा ठरलेल्या रीतीने चालतो. आयोजक पोलीस आयुक्तालयाकडून आधी परवानगी घेतात. परवानगीत निघण्याची जागा, मार्ग आणि थांबण्याची जागा लिहिलेली असते. धंतोलीचे यशवंत स्टेडियम, पटवर्धन मैदान, कस्तुरचंद पार्क, दीक्षाभूमी ही निघण्याची ओळखीची ठिकाणे. जिथे कठडे लावून अडवतात त्या जागेला सगळे ‘मोर्चा पॉइंट’ म्हणतात. मॉरिस कॉलेज टी-पॉइंट आणि टेकडी रोड ही त्यांतली नेहमीची नावे. विधानभवनाच्या फाटकापर्यंत मोर्चा जाऊ दिला जात नाही. राज्यघटनेच्या कलम १९ ने शांततेने आणि शस्त्राविना एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे, तसाच सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी त्यावर वाजवी निर्बंध घालण्याचा अधिकार सरकारलाही दिला आहे. मोर्चा पॉइंटवर या दोन्ही गोष्टी समोरासमोर उभ्या राहतात.

गडचिरोली, मेळघाट किंवा मराठवाड्यातून आलेली माणसे रात्रीच्या रेल्वेने नाहीतर एसटीने उतरतात. डिसेंबरातल्या नागपूरच्या थंडीत मैदानावरच चादर पांघरून पडतात आणि सकाळी शिदोरी सोडतात. दुपारी मोर्चा निघतो. कठड्यांपाशी आला की पुढच्या रांगेतल्या बाया रस्त्यावरच बसकण मारतात, मागून घोषणा चालू राहतात. मग पोलीस अधिकारी आयोजकांना बाजूला घेतो आणि शिष्टमंडळाची नावे मागतो. चारपाच जणांची नावे लिहिली जातात आणि ते पोलिसांच्या गाडीतून आत जातात. तासाभराने, कधी अंधार पडल्यावर, परत येतात. त्यांच्या हातात निवेदनाची प्रत असते आणि तिच्यावर सही-शिक्क्याची पोहोच. आत कोण भेटले, काय म्हणाले, हे माइकवरून सांगितले जाते. काही वेळा मंत्री स्वतः मोर्चाच्या ठिकाणी येऊन बोलतात. त्या दिवशी लोक समाधानाने घरी जातात, मागणी तिथल्या तिथे मान्य झाली नसली तरी. आपल्याला कोणी मोजले की नाही, ही गोष्ट माणसाला किती लागते, ते इथे दिसते.

अशी दखल न घेतल्यास काय होते, ते २३ नोव्हेंबर १९९४ ला दिसले. गुरे राखणारा म्हणून ओळखला जाणारा गोवारी समाज अनुसूचित जमातीच्या सवलतींसाठी विदर्भभरातून नागपुरात आला होता. यादीत ‘गोंड गोवारी’ असे नाव आहे; ते आपलेच, असे समाजाचे म्हणणे. मॉरिस कॉलेज टी-पॉइंटजवळ मोर्चा अडवण्यात आला. सरकारतर्फे कोणीतरी येईल म्हणून लोक दिवसभर थांबले. कोणी आले नाही. संध्याकाळी गर्दी पुढे सरकली, पोलिसांनी लाठीमार केला आणि कठड्यांमध्ये चेंगराचेंगरी झाली. ११४ जण मेले; त्यांत बाया आणि मुलेच अधिक होती. आदिवासी विकास मंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. चौकशीसाठी नेमलेल्या न्या. दाणी आयोगाने कोणावरही दोष ठेवला नाही. एका मंत्र्याने दुपारी कठड्यापर्यंत चालत यायचे होते. ते अंतर फार नव्हते, हे ती जागा पाहिलेल्या कोणालाही कळते.

पुढच्याच वर्षी गोवारींना विशेष मागास प्रवर्गात घेण्यात आले. मूळ मागणी मात्र न्यायालयात गेली. १४ ऑगस्ट २०१८ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने समाजाच्या बाजूने निकाल दिला; १८ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. झिरो माइलजवळ मृतांचे स्मारक आहे, सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहिदांचे नाव आहे, आणि दर २३ नोव्हेंबरला समाज स्मारकापाशी जमतो. मागणी तीच असते.

मोर्चांनी मिळवले किती, याचे उत्तर मागणीनुसार बदलते. मानधनात वाढ, थकलेले अनुदान, रखडलेली भरती अशा मागण्यांना अधिवेशनाच्या दिवसांत बळ येते, कारण बाहेर मोर्चा असतानाच आत एखादा आमदार तोच विषय लक्षवेधी सूचनेतून मांडू शकतो. आरक्षणाच्या आणि अनुशेषाच्या, म्हणजे मागे राहिलेला विकास भरून काढण्याच्या, मागण्या इतक्या सहज हलत नाहीत. विदर्भाचा अनुशेष दांडेकर समितीने १९८४ मध्ये आकड्यांत मांडला. घटनेच्या कलम ३७१(२) खाली वैधानिक विकास मंडळे स्थापन व्हायला त्यानंतर १९९४ उजाडले, आणि ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली.

कोरोनाच्या काळात २०२० आणि २०२१ ही दोन्ही हिवाळी अधिवेशने मुंबईत झाली. २०२४ मध्ये १५ डिसेंबरला नागपूरच्या राजभवनात मंत्र्यांचा शपथविधी झाला, दुसऱ्या दिवशी अधिवेशन सुरू झाले आणि खातेवाटप जाहीर झाले ते २१ तारखेला, अधिवेशन संपल्यावर. म्हणजे त्या आठवड्यात ज्यांनी निवेदने दिली, त्यांच्यासमोरच्या मंत्र्याकडे खातेच नव्हते. अधिवेशन एका आठवड्यापुरते उरले की सगळे मोर्चे त्याच मोजक्या दिवसांत दाटतात. प्रत्येकाच्या वाट्याला मंत्र्याची भेट कमी आणि कठड्यांमागचे थांबणे जास्त येते. करारात ‘ठरावीक काळ’ म्हटले, पण किती दिवस ते लिहिले नाही. ही उणीव आता चांगलीच जाणवते.

मग लोक अधिवेशनाची वाट न पाहताही येतात. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर माजी मंत्री बच्चू कडू यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी कर्जमाफीसाठी नागपूरजवळ महामार्ग अडवला. वाहनांच्या लांबच लांब रांगा लागल्या. नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेऊन रस्ता मोकळा करण्याचा आदेश दिला. त्यानंतर नेते चर्चेसाठी मुंबईला गेले आणि ३० जून २०२६ पर्यंत कर्जमाफीचा निर्णय घेण्याचे आश्वासन मुख्यमंत्र्यांनी दिल्यावर आंदोलन थांबले. त्या वर्षीचे नागपूर अधिवेशन ८ डिसेंबरला सुरू झाले आणि १४ डिसेंबरला संपले.