शिकवणारं सॉफ्टवेअर आम्ही कसं बनवतो
(मुंबईतील शाळा आणि क्लासचालकांसाठी माहितीपत्रक)

‘धड्याचं छानसं ॲनिमेशन करून द्या,’ असं बरेच शिक्षक सांगतात. पण ॲनिमेशन मूल नुसतं बघतं. आम्ही बनवतो त्यात मुलाला आधी अंदाज बांधावा लागतो, मग स्वतः करून पाहावं लागतं.

शून्य सावलीचंच घ्या. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस सूर्य नेमका डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली गायब होते. पण मे महिन्यात शाळेला सुट्टी आणि जुलैत आभाळ भरलेलं! वर्गासोबत हे बघायला मिळणं कठीणच.

आमच्या पडद्यावर एक काठी, तारखेची पट्टी आणि गावांची यादी एवढंच असतं. पट्टी सरकवण्याआधी सावली कुठे पडेल तिथे मूल बोटाने खूण करतं. ती खूण आम्ही पुसत नाही. खरी सावली तिच्या शेजारीच उमटते. २१ जूनला मुंबईत भर दुपारची सावली दक्षिणेला पडते, हे बघून मुलं थबकतात. मग दिल्ली निवडतात, वर्षभर पट्टी फिरवतात, पण तिथे सावली कधीच नाहीशी होत नाही. कर्कवृत्त कशाला म्हणायचं, ते इथे सांगावं, त्याआधी नाही. ‘शाब्बास’ म्हणणारे आवाज आणि नाचणारे ससे आम्ही घालत नाही, त्याने लक्ष सावलीवरून उडतं.

पहिला आराखडा कागदावर काढून आम्ही तुमच्याच विद्यार्थ्यांसमोर ठेवतो. मूल कुठे अडतं ते तिथेच कळतं, आणि बदल करायला खर्च येत नाही. लाल-हिरव्या रंगांत फरक न दिसणारी मुलं वर्गात असू शकतात, म्हणून अर्थ नुसत्या रंगावर सोडत नाही. सॉफ्टवेअर जुन्या संगणकावर, इंटरनेटशिवाय चालतं.

एक मनापासून सांगतो: आधी फुकट मिळतं ते बघा. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पाची विज्ञान-गणिताची सिम्युलेशन्स उत्तम आहेत, त्यांतली बरीच मराठीतही आहेत. भूमितीसाठी ‘जिओजेब्रा’ आहे. त्यांनी काम भागत असेल तर आमच्यावर पैसे घालवू नका.

भागत नसेल तर भेटायला या. येताना मुलांच्या चुकलेल्या उत्तरपत्रिका, नावं झाकून, जरूर आणा. कुठला धडा घ्यायचा ते त्यांवरूनच ठरवू.