डुकराच्या स्वादुपिंड-पेशींचे मानवात रोपण

पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच मारून टाकते. त्यांच्या जागी डुकराच्या जिवंत पेशी घालण्याचा हा उपचार अजून प्रायोगिक अवस्थेत आहे. डुक्करच का, याला कारण आहे. माणसाच्या आणि डुकराच्या इन्सुलिनमधल्या ५१ अमिनो आम्लांपैकी फक्त एक वेगळे असते, आणि असंख्य मधुमेही कित्येक दशके डुकराचे इन्सुलिन टोचून घेऊनच जगले.

कल्पना इन्सुलिनच्या शोधाहून जुनी आहे. १८९३ च्या डिसेंबरात ब्रिस्टलमधल्या डॉक्टरांनी मेंढीच्या स्वादुपिंडाचे तुकडे एका १५ वर्षांच्या मुलाच्या कातडीखाली बसवले. तीन दिवसांत तो दगावला. इन्सुलिन हाती यायला अजून जवळपास तीन दशके होती.

स्वीडनमध्ये कार्ल-गुस्ताव ग्रोथ यांच्या चमूने डुकराच्या गर्भातल्या पेशी दहा रुग्णांना दिल्या. निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. इन्सुलिन बनताना सुटा होणारा सी-पेप्टाइड हा तुकडा, तोही डुकराचा, चौघांच्या लघवीत २०० ते ४०० दिवस सापडत राहिला. पेशी तगल्या होत्या, पण इन्सुलिनची इंजेक्शने एकाचीही सुटली नाहीत.

खरी अडचण प्रतिकारशक्तीची. डुकराच्या पेशींवरची एक साखर माणसात नसते. तिच्याविरुद्धची प्रतिपिंडे आपल्या रक्तात आधीपासूनच तयार असतात. त्यावर न्यूझीलंडच्या बॉब इलियट यांनी वापरलेला उपाय मला सर्वांत देखणा वाटतो. समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या अल्जिनेटच्या बारीक, मऊ गोळ्यांत पेशी कोंडायच्या. गोळीच्या भिंतीतून साखर, प्राणवायू आणि इन्सुलिन ये-जा करतात, पांढऱ्या पेशींना मात्र आत शिरता येत नाही. १९९६ मध्ये ऑकलंडला एका रुग्णाच्या पोटात अशा गोळ्या सोडल्या. त्याला लागणारे इन्सुलिन सुरुवातीला जास्तीत जास्त ३० टक्क्यांनी कमी झाले, वर्षभरात पुन्हा पूर्वीवर आले. साडेनऊ वर्षांनी दुर्बिणीने पोट तपासले, तेव्हा काही गोळ्यांतल्या पेशी अजून जिवंत होत्या आणि थोडेफार इन्सुलिनही बनवत होत्या.

दुसरी भीती विषाणूंची. डुकराच्या गुणसूत्रांतच दडलेले रेट्रोव्हायरस प्रयोगशाळेत मानवी पेशींना लागण करतात, हे १९९७ मध्ये दिसले. म्हणून पुढच्या चाचण्यांसाठी न्यूझीलंडच्या दक्षिणेकडच्या निर्जन ऑकलंड बेटांवरची डुकरे निवडली गेली. खलाशांनी तिथे सोडलेला हा कळप पिढ्यान्‌पिढ्या इतर डुकरांपासून तुटलेला राहिल्यामुळे पुष्कळ रोगांपासून मुक्त होता. न्यूझीलंडच्या मुख्य भूमीवर आणल्यावरही तो बंदिस्त गोठ्यातच वाढवला गेला.