‘शेतकऱ्यांना’मधला र: एका संकेताची पार्श्वभूमी

योजनांच्या, बाजारभावांच्या, बातम्यांच्या पानांवर ‘शेतकर्यांना’ असं लिहिलेलं आपण सगळ्यांनीच वाचलं आहे. लिहिणाऱ्याला शुद्धलेखन येत नाही, असं म्हणून बहुतेक जण पुढे जातात. मराठी संकेतस्थळं बांधण्याचं काम करताना माझी मात्र खात्री झाली आहे की पुष्कळदा लिहिणाऱ्याने ‘शेतकऱ्यांना’ असंच लिहिलेलं असतं. तो र वाटेत मोडतो. का मोडतो, हे समजायला नव्वदच्या दशकात झालेल्या एका निर्णयापाशी जावं लागतं.

श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव या फॉन्टांचा काळ इथे सविस्तर सांगत नाही. ज्यांनी तेव्हा टायपिंग केलं आहे त्यांना तो पाठ आहे. एवढंच लक्षात घ्यायचं की त्या फॉन्टांत दिसणाऱ्या आकाराला जागा होती, अक्षराला नव्हती. एका कळीवर रफार, दुसऱ्या कळीवर ‘ऱ्य’मधला आडवा र. मजकूर दुसऱ्या संगणकावर वाचता येत नसे, पण या दोन र-कारांची गल्लतही होत नसे.

गल्लत सुरू झाली ती आकाराऐवजी अक्षराला क्रमांक द्यायचं ठरल्यावर. मराठीत ‘र् + य’ दोन प्रकारे लिहितात आणि दोन्हींचा अर्थ वेगळा. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. आचार्यांना नमस्कार करायचा, आचाऱ्यांना स्वयंपाकाचं विचारायचं. पहिल्या शब्दांत आधीच्या अक्षरावर आघात येतो, दुसऱ्यांत येत नाही. वऱ्हाड, कऱ्हाड, तऱ्हा यांतही तोच आडवा र. रफार हे नाव सर्वांना माहीत आहे. या दुसऱ्याला मात्र कुणी अर्धा र म्हणतं, तर तांत्रिक कागदांत तो डोळ्याच्या पापणीसारखा दिसतो म्हणून ‘आयलॅश’ आहे. नावाचाच पत्ता नसलेल्या अक्षराची बाजू क्रमांक ठरवणाऱ्यांच्या बैठकीत मांडणं अवघड जातं, असं मला नेहमी वाटतं.

अक्षरांना असे क्रमांक देणारी पद्धत म्हणजे संकेत. इस्की हा भारतीय लिप्यांचा आठ बिटांचा संकेत. तो १९८८ साली आला आणि १९९१ साली भारतीय मानक १३१९४ म्हणून ठरला. ब्राह्मीतून निघालेल्या लिप्या एकाच तक्त्यात बसवायच्या, म्हणजे कळफलक एकच राहील आणि लिप्यंतर सोपं होईल, ही त्यामागची कल्पना. त्यासाठी तमिळ-मल्याळममधल्या कठोर र ची जोडीदार जागा देवनागरीतही ठेवावी लागली. ते अक्षर ऱ. मराठीत पूर्ण ऱ कुठेच येत नाही. म्हणून त्याच्या अर्ध्या रूपाला मराठीचा आडवा र समजायचं ठरलं: ऱ, मग हलंत, मग य. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकावर र इंग्रजी J च्या कळीवर आहे आणि ऱ शिफ्ट धरून त्याच कळीवर, ते याचमुळे.

युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या संकेताने देवनागरीचा तक्ता १९८८च्या इस्कीवरूनच घेतला. पण १९९६ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत आडव्या र साठी वेगळी रीत सांगितली होती: साधा र, हलंत आणि त्यानंतर ‘झीरो विड्थ जॉइनर’, म्हणजे न दिसणारा जोडक. पुढे इस्कीशी जुळणारी ऱ ची रीत नियमांत मुख्य म्हणून आली, आणि जोडकाची रीत ‘दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगतीसाठी’ तशीच ठेवली. त्या दिवसापासून एकाच मराठी अक्षराची दोन स्पेलिंगं झाली.

जोडकाच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं पोकळ नाही. ‘शेतकरी’चं ‘शेतकऱ्यांना’ होतं, त्यात अक्षर र च राहतं. दक्षिणेकडचा ऱ मध्ये कशाला आणायचा? भाषेच्या दृष्टीने हे बरोबर आहे. पण दिसतच नाही अशा चिन्हावर अर्थ टांगून ठेवणं हा निर्णय मला तेव्हाही चुकीचाच होता असं वाटतं, आणि नंतरच्या साधनांनी ते दाखवून दिलं. ऱ ही तशी र आणि नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा टिंब, यांचीच जोडी मानली जाते, त्यामुळे प्रमाण अकारविल्ह्यात तो र च्याच घरात राहतो. वर तो डोळ्यांना दिसतो, आणि कुणी त्याला कचरा समजून पुसत नाही.

जोडक मात्र पुसला जातो. वेबवर काम करणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं फिरत आलेली एक ओळ आहे: २००बी ते २००डी या क्रमांकांमधलं सगळं काढून टाका, कारण ती शून्य रुंदीची अदृश्य चिन्हं म्हणजे दुसरीकडून चिकटवलेल्या मजकुराचा गाळ. जोडकाचा क्रमांक २००डी. ती ओळ फॉर्ममध्ये एकदा घातली की दऱ्या गेल्या, दर्या आला. एका कामात मी हे स्वतः पाहिलं आहे. अर्जदारांच्या पत्त्यांमधली सगळी वऱ्हाडं ‘वर्हाड’ झाली होती, आणि मूळ मजकूर कुठेच उरला नव्हता.

पुसला नाही तरी शोध अडतो. युनिकोडचं सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी स्पेलिंगं एका रूपात आणण्याची रीत, या दोन स्पेलिंगांना एक करत नाही. म्हणजे कळफलकावरून ऱ ने लिहिलेला ‘दुसऱ्या’ शोधला तर जोडकाने साठवलेला सापडत नाही. ल्युसीन या शोधाच्या मुक्त साधनात हिंदीसाठी लिहिलेला एक भाग आहे. तो जोडक काढतो, ऱ चा र करतो आणि हलंतही गाळतो. मराठीवर तो चालवला की दोन्ही स्पेलिंगं जुळतात, पण समुद्र आणि डोंगरही एक होतात. ‘ॲप’मधल्या ॲ ची कथाही याच घराण्यातली. त्याला स्वतंत्र क्रमांक मिळाला २००८ साली, तोवर लोकांनी अ वर चंद्र देऊन काम भागवलं होतं, आणि तो मजकूर अजून जिवंत आहे.

संकेतस्थळांच्या नावांत गोष्ट आणखी पुढे गेली. बहुभाषी नावांच्या २००३च्या नियमांत जोडक गाळायचाच होता. २०१०च्या नियमांनी तो हलंतानंतर चालेल असं म्हटलं. ब्राउझरांनी हा बदल एकाच वेळी केला नाही. क्रोम २०२३पर्यंत जुन्या पद्धतीने चालत होता, त्यामुळे जोडक असलेला तोच पत्ता एका ब्राउझरात एकीकडे आणि दुसऱ्यात भलतीकडे जाऊ शकत होता. आणि देवनागरीतली ‘.भारत’ नावं तर २०१४पासूनच मिळू लागली होती.

मधल्या काळात इमोजी आले. आई, वडील, मूल यांचं एक चित्र करायला त्यांच्यामध्ये हाच जोडक लागतो. तो पुसला की कुटुंबाची तीन सुटी माणसं होतात. त्यानंतर ती साफसफाईची ओळ बऱ्याच ठिकाणी दुरुस्त झाली. वऱ्हाडासाठी ती आधीच व्हायला हवी होती, याचं मला अजून वाईट वाटतं.

आता मी मजकूर आत घेतानाच र-हलंत-जोडक आणि पुढे य किंवा ह दिसला की त्याचं ऱ-हलंत करून साठवतो. शोधाच्या खिडकीत आलेल्या शब्दालाही तेच लावतो. जुन्या साठ्यात जिथे जोडक आधीच गेलेला आहे, तिथे ‘शेतकर्यांना’ यंत्राने दुरुस्त करता येतं, कारण असा दुसरा शब्दच नाही. ‘दर्या’ला मात्र माणसानेच वाक्य वाचून हात लावावा लागतो.